एक आकडा बदलला आणि तीन आलेख बिघडले

"मॅडम, कोड बरोबर आहे. म्यू १ ठेवला तर चालतो. १००० केला की संपतच नाही."

एक विद्यार्थिनी लॅपटॉप उघडा धरूनच आत आली. प्रकल्प व्हान डर पोलच्या अवकल समीकरणावर होता: पायथनमध्ये सोडवायचं, आलेख काढायचे, चार ओळी निरीक्षणं लिहायची. तिच्याकडे तीन आलेख होते. एक उघडउघड बिघडलेला, एक अर्धवट आणि एक अगदी नीटनेटका. पहिल्याची तिला लाज वाटत होती, दुसऱ्यावर ती वैतागली होती आणि तिसरा तिने अहवालात चिकटवूनही टाकला होता. पुढच्या दोन तासांत कळलं ते असं, की सगळ्यात जास्त चुकलेला तिसराच होता.

हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतेय, कारण यातला एकेक दोष मला कुणाच्या ना कुणाच्या कामात नेहमी भेटतो. तिन्ही दोष एकाच माणसाच्या एकाच फोल्डरमध्ये मात्र पहिल्यांदाच सापडले. शिवाय ते तीन वेगळ्या थरांतले आहेत. पहिला पद्धतीच्या निवडीतला, दुसरा सॉल्व्हरच्या, म्हणजे समीकरण सोडवणाऱ्या तयार कोडच्या, स्वभावातला आणि तिसरा निव्वळ चित्र काढण्यातला. त्यांची गल्लत झाली की माणूस बरोबर असलेली गोष्ट दुरुस्त करत बसतो.

समीकरण आणि कागदावरचा अंदाज

बाल्थासार व्हान डर पोल हा डच अभियंता फिलिप्सच्या प्रयोगशाळेत ट्रायोड व्हॉल्व्हच्या मंडलांवर काम करायचा. त्याचा रिलॅक्सेशन दोलनांवरचा गाजलेला निबंध १९२६ चा. समीकरण दोन ओळींत मांडता येतं. जागा क्ष, वेग व, आणि म्यू हा अवमंदनाचा जोर ठरवणारा स्थिर आकडा (′ म्हणजे वेळेनुसार बदलाचा दर):

क्ष′ = व
व′ = म्यू × (१ − क्ष²) × व − क्ष

क्ष हा −१ आणि १ च्या मधे असला की कंसातली संख्या धन राहते आणि अवमंदन उलटं चालतं, म्हणजे दोलनाला ऊर्जा मिळत जाते. त्या पट्ट्याबाहेर गेलं की तीच संज्ञा ऊर्जा खाते. म्हणून शून्य सोडून कुठूनही सुरुवात केली तरी शेवटी एकाच बंद वळशावर येऊन पडायचं. म्यू १ असताना हा वळसा जरा वाकडा पण गुळगुळीत असतो आणि एका फेरीला ६.६६ एकक वेळ लागतो. तिचा कोड हा आकडा बरोबर देत होता. तिचा कोडवरचा विश्वास तिथूनच आलेला, आणि तो चुकीचाही नव्हता. समीकरण तिने बरोबरच लिहिलं होतं.

व्हान डर पोलने हे वळसे कागदावर हाताने काढले होते, म्यू ०.१, १ आणि १० साठी. १००० च्या वाटेला तो गेला नाही. पण १००० ला काय होणार, याचा अंदाज मात्र कागदावरच छान करता येतो. संगणकाला हात लावण्याआधी तो करायचा, हा माझा हट्ट. तिला आधी तेच करायला लावलं.

क्ष २ वर आहे असं धरा. म्यू एवढा मोठा असताना वेग फार बदलू शकत नाही, म्हणजे व′ जवळजवळ शून्य. मग दुसऱ्या ओळीतून व = −क्ष ÷ (म्यू × (क्ष² − १)). क्ष २ असताना हा येतो −२ ÷ ३०००, म्हणजे −०.०००६७. गोगलगायही पुढे निघून जाईल. या चालीने २ वरून १ पर्यंत यायला किती वेळ? साधं समाकलन आहे: म्यू × (१.५ − २ चा नैसर्गिक लॉग), म्हणजे सुमारे ८०७ एकक. क्ष १ ला पोचला की कंस शून्य होतो, ब्रेक सुटतो आणि क्ष एकदम −२ वर उडी मारतो. पलीकडेही तोच खेळ. पूर्ण फेरी अंदाजे १६१४ एकक.

आणि त्या उडीतला वेग? आल्फ्रेड लिएनारने १९२८ मध्ये सुचवलेल्या चलांतून तो लगेच निघतो: कमाल वेग म्यूच्या चार तृतीयांश, म्हणजे १३३३. वेगाच्या या सुळक्याची रुंदी मात्र एका एककाचे जेमतेम दोन सहस्रांश. म्हणजे तीच वस्तू आठशे एकक ०.०००६७ ने सरपटते आणि मग डोळ्याचं पातं लवायच्या आत त्याच्या वीस लाख पट वेगाने निघून जाते.

हे चार आकडे तिने वहीच्या कोपऱ्यात लिहिले: ८०७, १६१४, १३३३, ०.००२. तिन्ही आलेखांचा निवाडा पुढे याच चार आकड्यांनी केला.

पहिला आलेख: तीन पावलांत अनंत

पहिला आलेख तिच्या स्वतःच्या आरके-फोरचा, म्हणजे चौथ्या कोटीच्या रुंगे-कुट्टा पद्धतीचा. पाऊल, म्हणजे एका वेळी जेवढा काळ पुढे सरकायचं तो, ठरावीक: ०.१. म्यू १ ला हेच पाऊल उत्तम चाललं होतं. १००० ला आलेखात एक रेघ दिसत होती: काही अंतर आडवी, मग तिरकी खाली आणि तिथेच संपलेली. "हे काहीतरीच आलंय," एवढंच तिचं निरीक्षण.

मी तिला आलेख बाजूला ठेवून पहिल्या चार ओळी छापायला सांगितल्या. सुरुवात क्ष २, वेग ०. एका पावलानंतर, म्हणजे वेळ ०.१ ला, खरा क्ष १.९९९९३ असायला हवा. तिच्या कोडने दिला −७१.५ आणि वेग सव्वाआठ लाखांच्या वर. दुसऱ्या पावलानंतर क्ष ही ४३ अंकी ऋण संख्या. तिसऱ्या पावलाच्या पोटातच गुणाकार संगणकाच्या मर्यादेबाहेर गेला आणि तिथून पुढे सगळीकडे नॅन, म्हणजे 'ही संख्याच नाही' अशी खूण.

आलेख काढणारं मॅटप्लॉटलिब नॅन दिसला की काही न बोलता तो बिंदू सोडून देतं. त्यामुळे तीस हजार पावलांच्या आलेखात प्रत्यक्षात तीनच बिंदू होते आणि अक्षाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक-ई-४२ असं लिहिलेलं होतं. ते कुणी वाचत नाही. आकडेमोड करणाऱ्या नमपायने ओव्हरफ्लोची, म्हणजे संख्या मर्यादेबाहेर गेल्याची, सूचना दिलीच असती, पण नोटबुकच्या पहिल्याच खान्यात तिने सूचना बंद करून ठेवल्या होत्या. "लाल अक्षरं फार येतात हो." येतात खरी. ती येऊ द्यावीत.

कारण सोपं आहे. संथ भागात उत्तर जिथे असायला हवं तिथून वेग जरासा ढळला, तर समीकरण तो ढळ प्रचंड वेगाने पुसून टाकतं. क्ष २ असताना हा पुसण्याचा दर म्यू × ३, म्हणजे ३०००. आरके-फोरला हे पुसणं तेव्हाच जमतं जेव्हा पाऊल गुणिले दर हा गुणाकार २.७८ च्या आत असतो. इथे तो ३०० होता. त्या ठिकाणी पद्धतीचं बहुपद ढळ पुसत नाही, ते त्याला दर पावलाला ३३ कोटी पट वाढवतं. म्यू १ ला हाच गुणाकार ०.३ होता, म्हणून तेव्हा काही जाणवलं नाही.

पाऊल ०.०००९ केलं की हाच कोड सुरळीत चालतो. पण ३००० एककांसाठी मग तेहेतीस लाख पावलं लागतात. म्हणून ती तयार सॉल्व्हरकडे वळली, आणि ते बरोबरच केलं.

दुसरा आलेख: संपत नाही तो

पायथनच्या सायपाय या लायब्ररीतलं सॉल्व्ह-आयव्हीपी हे फंक्शन २०१७ च्या १.० आवृत्तीपासून आहे. पद्धत सांगितली नाही तर ते आरके-४५ वापरतं, म्हणजे डॉरमंड आणि प्रिन्स यांची १९८० ची जोडी. हा सॉल्व्हर दर पावलाला चूक मोजतो, जास्त वाटली तर पाऊल आखडतो आणि कमी वाटली तर लांबवतो. त्यामुळे उत्तर फुगत नाही. पण चाक फिरतच राहतं.

वाट बघून कंटाळल्यावर तिने शेवटची वेळ ३००० वरून ३०० वर आणली. आलेखात क्ष २ वरून १.७८ पर्यंत हळूहळू उतरलेला दिसला. खाली ओळ लिहिली: "म्यू मोठा असताना दोलन आढळत नाही." मी वहीतल्या ८०७ कडे बोट दाखवलं. तिने ओळ खोडली.

मग मी विचारलं, हे जलद करायला आणखी काय करून पाहिलंस? "आरटॉल, म्हणजे सापेक्ष चुकीची मर्यादा, सैल केला. ०.००१ चा ०.०१. काहीच फरक पडला नाही."

निदान याच वाक्यात होतं. अचूकतेची अट दहा पट सैल केली तर पावलं कमी व्हायला हवीत. ती होत नसतील, तर पाऊल लहान ठेवण्यामागे अचूकता नाही, स्थिरता आहे. सॉल्व्हर मोठं पाऊल टाकून पाहतो, त्याचा चूक-मापक लगेच ओरडतो, तो मागे येतो, पुन्हा टाकून पाहतो. उत्तर अगदी सपाट असलं तरी. अशा समीकरणांना स्टिफ म्हणतात, मराठीत ताठर. हा शब्द कर्टिस आणि हिर्शफेल्डर यांनी १९५२ मध्ये रूढ केला. मला त्याची सगळ्यात उपयोगी व्याख्या हीच वाटते: अट सैल केली तरी वेळ वाचत नाही, ते समीकरण स्टिफ.

किती पावलं लागणार होती, तेही कागदावर निघतं. आरके-४५ साठी पाऊल गुणिले दर या गुणाकाराची मर्यादा साधारण ३.३. त्यामुळे क्ष २ असताना पाऊल ०.००११ च्या वर जाऊ शकत नाही. क्ष १ कडे येईल तसं जरा मोकळं होतं. हे सगळ्या वळशावर समाकलित केलं की दर अर्ध्या फेरीला जवळपास ४ लाख ४० हजार पावलं येतात. ३००० एककांना सुमारे १७ लाख. दर पावलाला फंक्शनला सहा वेळा हाक मारायची, म्हणजे एक कोटी हाका. आरटॉलचा या हिशेबात कुठे उल्लेखच नाही, हे तिला दाखवलं तेव्हा तिला ते खरं पटलं.

एक कोटी हाका म्हणजे पायथनमध्ये काही मिनिटांचं काम. तिला मात्र ते संपणारच नाही असं वाटत होतं. ते का, याचं कारण वेगळंच निघालं आणि ते शोधायला पंधरा मिनिटं गेली. ती साध्या पायथनमध्ये नव्हतीच, सेजमॅथ (थोडक्यात सेज) या पायथनवर उभ्या गणिती प्रणालीच्या नोटबुकमध्ये होती. सेजमध्ये तुम्ही १००० लिहिलं की तो पायथनचा पूर्णांक राहत नाही. सेजचा प्रीपार्सर त्याला स्वतःच्या अचूक पूर्णांकात बदलतो. बीजगणितासाठी हे वरदान आहे, एक भागिले तीन हा खराखुरा एक तृतीयांश राहतो. पण सॉल्व्हरच्या आतल्या कोटी हाकांमध्ये दर वेळी नमपायचा दशांश आणि सेजचा पूर्णांक यांची भाषा जुळवत बसावं लागतं, आणि प्रत्येक गुणाकार अनेक पटींनी महाग पडतो. इलाज क्षुल्लक: म्यू आधीच फ्लोट करून ठेवायचा, किंवा संख्येच्या शेवटी आर हे अक्षर लावायचं म्हणजे प्रीपार्सर तिला हात लावत नाही. (उलट्या दिशेचा सापळाही सांगून ठेवते. सेजमध्ये घातासाठी छपराचं चिन्ह चालतं. तीच ओळ साध्या पायथनमध्ये नेली तर त्या चिन्हाचा अर्थ बदलून एक्सॉर, म्हणजे बिटांवरची एक वेगळीच क्रिया, होतो. दशांश असतील तर निदान एरर येते. पूर्णांक असतील तर चुकीचं उत्तर येतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही.)

खरा इलाज एका शब्दाचा होता. मेथड म्हणून राडाऊ. ही अव्यक्त पद्धत आहे: पुढच्या बिंदूवरचा उतार वापरते, म्हणून दर पावलाला एक बैजिक समीकरण सोडवावं लागतं आणि त्यासाठी जॅकोबियन, म्हणजे आंशिक विकलकांचं कोष्टक, लागतो. पाऊल महाग, पण स्थिरतेची सीमा नाही. १९६३ मध्ये डालक्विस्टने ए-स्थिरतेची कल्पना मांडली, म्हणजे पाऊल कितीही मोठं असलं तरी ढळ फुगत नाही. आरके-४५ सारख्या कुठल्याही व्यक्त रुंगे-कुट्टा पद्धतीला ती कधीच मिळू शकत नाही, कारण तिचं स्थिरता-फलन, म्हणजे ढळ दर पावलाला किती पट होतो ते सांगणारं सूत्र, बहुपद असतं आणि बहुपद दूरवर फुगणारच. राडाऊने ३००० एकक डोळ्यांदेखत संपले. उत्तराच्या वस्तूत एन-एफ-ई-व्ही नावाचा आकडा असतो, फंक्शनला किती हाका मारल्या तो. कोटीऐवजी काही हजार.

तिचा चेहरा उजळला. "म्हणजे आता तिसरा आलेखही पक्का, नाही का? तो मी मैत्रिणीच्या कोडने काढला होता. त्यात राडाऊच होतं."

तिसरा आलेख: सगळं बरोबर, चित्र खोटं

तिसरा आलेख फेज प्लेन मधला. आडवा अक्ष क्ष, उभा अक्ष वेग. अहवालाच्या चौथ्या पानावर तो सुबक दिसत होता: एक बंद आकृती, जराशी कलती, दोन्ही टोकांना बारीक शेपट्या, पतंगासारखी. खाली लिहिलेलं: "मर्यादा-चक्र. कमाल वेग सुमारे ०.०१."

वहीत लिहिलं होतं १३३३.

आधी तिला वाटलं की कागदावरचा अंदाज चुकला. मला क्षणभर तेच वाटलं, खोटं कशाला बोलू. मग आम्ही आकृतीतल्या दोन लांब बाजूंकडे नीट पाहिलं. त्या अगदी सरळ होत्या. एक क्ष १.०५ च्या जवळून निघून थेट −२ ला जाणारी, दुसरी तिची उलटी. अरेषीय समीकरणाच्या वळशात पट्टीने आखल्यासारख्या रेघा कुठून येतील? पट्टीनेच आखल्या असतील तर. आणि पट्टी मॅटप्लॉटलिबच्या हातात असते: दोन बिंदू दिले की ते मधे सरळ रेघ ओढतं.

मैत्रिणीच्या कोडमध्ये टी-इव्हॅल म्हणून ० ते ३००० मध्ये समान अंतरावरचे १००० क्षण दिले होते. म्हणजे दर ३ एककांना एक बिंदू. वेगाचा सुळका ०.००२ रुंद. एखादा बिंदू सुळक्यात पडण्याची शक्यता दर उडीला पंधराशेत एक, आणि ३००० एककांत उड्या तीनच. सुळका दिसला असता तर तोच अपघात ठरला असता. उडीच्या आधीचा शेवटचा बिंदू क्ष १.०५ ला, वेग −०.०१. उडीनंतरचा पहिला बिंदू थेट −२ ला, वेग पुन्हा ०.०००७ च्या घरात. १३३३ पर्यंतचा सगळा प्रवास या दोन बिंदूंमधल्या फटीत गेला.

यात सॉल्व्हरची काडीचीही चूक नव्हती. त्याने उडीत पाऊल आखडून तो सुळका पायरी-पायरीने मोजला होता. टी-इव्हॅलमुळे त्याच्या पावलांत काही बदल होत नाही. उत्तरातले कोणते क्षण परत द्यायचे एवढंच ते ठरवतं. सॉल्व्हरने मोजलेले कळीचे बिंदू आपणच मागितले नाहीत, म्हणून त्याने टाकून दिले.

याहून फसवी गोष्ट म्हणजे, याच १००० बिंदूंतून काढलेला क्ष विरुद्ध वेळ हा आलेख निर्दोष दिसतो. उतार, उडी, उतार, उडी, आणि पहिली उडी ८०७ च्या आसपास. तो बघून माणूस निश्चिंत होतो आणि त्याच आकड्यांतून वेगाचा आलेख काढतो.

टी-इव्हॅलची ओळ काढून टाकली. आता सॉल्व्हर स्वतःच्या पावलांवरचे बिंदू परत देतो, आणि तो पावलं टाकतो ती गरज असेल तिथे दाट. नवा आलेख आला: दोन उंच कमानी, एक क्ष −१ पाशी −१३३३ पर्यंत खाली गेलेली, दुसरी +१ पाशी तेवढीच वर. कमानी काहीशा कोनेरी होत्या, कारण उडीतही बिंदू मोजकेच असतात. त्यावर डेन्स-आउटपुट चालू केलं. सॉल्व्हर मग दोन पावलांच्या मधलं बहुपद हातात देतो आणि हव्या त्या क्षणाचं मूल्य काढता येतं. आम्ही प्रत्येक पावलाचे दहा भाग करून मूल्यं काढली. सर्वत्र समान अंतर नव्हे, सॉल्व्हरच्याच पावलांचे भाग. कमानी गुळगुळीत झाल्या.

पण मग दुसरी अडचण. उभा अक्ष ±१३३३ असताना ज्या संथ शाखांवर आठशे-आठशे एकक जातात, त्या शून्यावरच्या रेघेत गडप झाल्या. काळाचा जवळजवळ सगळा हिस्सा अदृश्य आणि क्षणभराची उडी अख्ख्या पानभर. हेही खोटं नसलं तरी एकांगी चित्र. मॅटप्लॉटलिबमध्ये सिमलॉग नावाची मोजपट्टी आहे: शून्याच्या जवळ रेषीय, दूर लॉगरिदमी, ऋण आणि धन दोन्हींना चालणारी. उंबरठा ०.०००१ ठेवला आणि ०.०००६७ व १३३३ एकाच चौकटीत दिसले. साधी लॉग पट्टी इथे उपयोगाची नाही, ती ऋण वेग टाकूनच देते.

मला स्वतःला मात्र लिएनारचं चित्र सगळ्यात आवडतं. वेगाऐवजी य हे चल घ्यायचं:

क्ष′ = म्यू × (य − (क्ष³ ÷ ३ − क्ष))
य′ = −क्ष ÷ म्यू

समीकरण तेच, कपडे बदललेले. आता य −२/३ ते २/३ मध्येच राहतो, अक्षाची ओढाताण नाही. त्रिघाती वक्र फिक्या रंगात आधी काढून ठेवायचा. उत्तराचा बिंदू त्या वक्राच्या बाहेरच्या बाजूला चिकटून सरपटतो, वळणावर पोचतो आणि आडवा सटकून समोरच्या बाजूला जाऊन बसतो. उडी का होते हे चित्रात दिसतं: वक्र संपला, पुढे चिकटायला काही नाही. या चित्रात ३ एककांचे खडबडीत बिंदूही फसवत नाहीत, कारण उडी खरोखरच जवळजवळ सरळ आणि आडवी असते. चल कोणतं निवडलं यावर आलेखाचा खरेपणा इतका अवलंबून असतो, हे मलाही त्या दिवशी पुन्हा नव्याने जाणवलं.

सेजमधून सरळ

एवढं झाल्यावर तिने विचारलं, सेजचं स्वतःचं काही नाही का? आहे. डिसॉल्व्ह-ओडीईइंट. समीकरणं सिम्बॉलिक लिहायची, फंक्शन बांधत बसावं लागत नाही. आत सायपायचं ओडीईइंट चालतं आणि त्याच्या आत एल्सोडा, ओडीईपॅकमधला जुना, मुळात फोरट्रानमध्ये लिहिलेला सॉल्व्हर. लिंडा पेट्झोल्ड यांची त्यातली करामत अशी, की समीकरण स्टिफ आहे का हे तो चालता चालता ओळखतो आणि स्टिफ आणि स्टिफ नसलेल्या समीकरणांसाठीच्या पद्धतींत स्वतःच अदलाबदल करतो. ज्याला हे सगळं वाचायचं नाही त्याने एल्सोडा वापरावा, असं मी बिनदिक्कत सांगते. शिवाय सेजला कॉम्प्यूट-जॅक हा पर्याय खरा करून दिला की जॅकोबियन तो सिम्बॉलिक विकलनाने काढतो. हाताने लिहिलेल्या जॅकोबियनमधली चूक फार लबाड असते: उत्तर बहुधा बरोबरच येतं, फक्त पावलं वाढतात, आणि कुणाला शंकाही येत नाही.

दोन इशारे मात्र दिले. ओडीईइंटला वेळांची यादी द्यावीच लागते, म्हणजे तिसऱ्या आलेखाचा सापळा इथे आयताच मांडून ठेवलेला आहे; उडीच्या आसपास यादी दाट करायची. आणि यादीतल्या दोन वेळांच्या मधली पावलं ५०० च्या वर गेली की तो कामाचा अतिरेक झाल्याची तक्रार छापतो. ती दिसली की एमएक्सस्टेप, म्हणजे ही पावलांची मर्यादा, वाढवायचा, सूचना बंद करायच्या नाहीत. या वेळी ती हसली.

साध्या पायथनमध्ये ओडीईइंट थेट वापरणाऱ्यांसाठी एक जोड: त्याला फंक्शनमध्ये स्थिती आधी आणि वेळ नंतर हवी असते, सॉल्व्ह-आयव्हीपीला नेमकं उलट.

ताळा

शेवटी ताळा. सॉल्व्ह-आयव्हीपीच्या इव्हेंट्समध्ये "क्ष शून्य झाला" ही घटना दिली. उड्यांच्या वेळा सॉल्व्हर स्वतः शोधून देतो, आलेखावर डोळे ताणावे लागत नाहीत. पहिली ८०७ ला, आणि पहिल्या ते तिसऱ्या उडीतलं अंतर वहीतल्या १६१४ शी जुळलं. मग आरटॉल ०.००१ वरून ०.००००००१ वर आणून तोच हिशेब पुन्हा. दोन्ही खेपांत जे अंक हलले नाहीत तेवढेच अहवालात लिहायचे, असं ठरलं. एटॉल, म्हणजे निरपेक्ष चुकीची मर्यादा, हाही घट्ट केला, कारण तो आपोआप ०.०००००१ असतो आणि इथे संथ वेगच ०.०००६७ आहे, त्याच्या सहाशेव्या-सातशेव्या भागाएवढी ढिलाई ताळा घेताना तरी नको.

एक आलेख मी माझ्यासाठी काढून घेतला, तो तिने पुरवणीत टाकला. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या लॉग अक्षावर सॉल्व्हरने टाकलेल्या प्रत्येक पावलाची लांबी. राडाऊची रेघ संथ भागात अनेक एककांपर्यंत चढते आणि उडीपाशी कड्यावरून कोसळावी तशी खाली येते. आरके-४५ ची, ३०० एककांपुरती काढलेली, रेघ एका सहस्रांशाच्या किंचित वर चिकटून सपाट. कुठलंही स्टिफ प्रकरण आलं की मी आधी हा आलेख मागते, उत्तराचा नंतर.

जाता जाता तिने अहवालातला जुना पतंग नव्या कमानींच्या आलेखावर चढवून पाहिला, दोन्ही एकाच रेषीय अक्षावर. पतंग कुठे दिसेना. मोठं करून पाहिलं, आणखी मोठं केलं. तो अख्खा शून्याच्या आडव्या रेघेच्या जाडीत मावला होता.